तबकडीचे मोल आणि तबकडीची किंमत

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीस आलेला यात्रेकरू परत निघताना काय घेऊन जातो, याची नोंद कोणी ठेवली असती तर त्या नोंदीत काळाची पावले उमटलेली दिसली असती. उदीची पुडी आणि प्रसाद या वस्तू जुन्याच. त्यांच्या जोडीला प्रथम चौकटीतली तसबीर आली, पुढे आरतीची कॅसेट आली आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात चित्रपटाची तबकडी आली. व्हीसीडी आणि डीव्हीडी ही तिची दोन नावे लहान मुलांच्याही तोंडी बसली. आता ती तबकडीही दुकानातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. वस्तू गेली, परंतु ती घेताना गिऱ्हाइकाच्या मनात उमटलेला एक प्रश्न मात्र गेलेला नाही. बोटभर जाडीच्या डबीतल्या या प्लॅस्टिकच्या चकतीला इतके पैसे का मोजावयाचे, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा आमचा मानस आहे.

धर्मगुरूने बाजारभावाची चर्चा का करावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर साधे आहे. राहाता, श्रीरामपूर, संगमनेर या भागांतील आमची ख्रिस्ती कुटुंबे याच बाजारात खरेदी करतात. यात्रा शिर्डीची असो वा हरेगावच्या मतमाउलीची, भाविकाची ओढ आणि दुकानदाराचा भाव यांची गाठ दोन्हीकडे पडतेच. किंमत ही केवळ हिशेबाची बाब नाही. घेणारा आणि देणारा यांच्यातील न्यायाचीही ती बाब आहे.

पडदा घरात येण्यापूर्वी

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच नाशिक जिल्ह्याचे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांची चरित्रे अशीच पडद्यावर आणता येतील, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. त्या ध्यासापोटी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून परदेशी जाण्यासाठी पैसा उभा केला आणि ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांपुढे आला. आपल्याकडे भक्ती आणि पडदा यांचे नाते असे आरंभापासूनचेच आहे.

शिर्डीच्या साईबाबांचे निधन १५ ऑक्टोबर १९१८ रोजी झाले. त्यांच्यावरील ‘शिर्डीचे श्री साईबाबा’ हा मराठी चित्रपट १९५५ साली कुमारसेन समर्थ यांनी दिग्दर्शित केला. १९७७ साली सुधीर दळवी यांची मुख्य भूमिका असलेला ‘शिर्डी के साईबाबा’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याच वर्षीच्या ‘अमर अकबर अँथनी’ने शिर्डीचे नाव गाण्यातून देशभर नेले. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, तेलुगू भाषेत प्रभू येशूच्या जीवनावरील ‘करुणामयुडु’ आला. ‘दयासागर’ या नावाने त्याची हिंदी आवृत्ती आमच्या वाचकांपैकी अनेकांनी चर्चच्या पटांगणात, पांढऱ्या चादरीच्या पडद्यावर पाहिली असेल. त्यात ख्रिस्ताची भूमिका करणाऱ्या विजयचंदर यांनीच १९८६ च्या तेलुगू चित्रपटात साईबाबांची भूमिका केली, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या चित्रपटांविषयी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ते पाहण्यासाठी तिकीट लागे किंवा मुळीच काही लागत नसे. पण ते विकत घेऊन कोणी घरी ठेवीत नसे. चित्रपट ही एकत्र बसून पाहण्याची गोष्ट होती, कपाटात ठेवण्याची नव्हती. ती कपाटात आली तेव्हाच तिच्या किमतीचा प्रश्न घरात आला.

कॅसेटचे दिवस

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली. यंत्र महाग, कॅसेटही महाग; त्यामुळे सामान्य माणसाने खरेदीच्या वाटेस न जाता भाड्याची वाट धरली. मुंबईत १९६२ साली पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय म्हणून सुरू झालेल्या ‘शेमारू’ने १९७९ साली व्हिडिओ कॅसेटही भाड्याने देण्यास प्रारंभ केला, हे या दृष्टीने बोलके आहे. खेड्यापाड्यांत तर सणाला किंवा लग्नाला वर्गणी काढून दूरचित्रवाणी संच, यंत्र आणि कॅसेटी असे सर्वच एका रात्रीपुरते आणले जाई आणि पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहिले जात. दहा घरांनी मिळून जे भाडे भरले ते कोणालाच जड वाटले नाही. गरिबाने स्वतःच शोधून काढलेली ही न्याय्य किंमत होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मात्र भाड्याच्या या व्यवहारात चोरट्या प्रतींनीही शिरकाव केला. त्यास आळा घालण्यासाठी १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. व्हिडिओ चित्रफितीच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापणे बंधनकारक झाले. चोरट्या प्रती काढणाऱ्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली. दुसरीकडे, काही निर्मात्यांनी व्हिडिओ बाजारात आणणेच लांबणीवर टाकले. राजश्रीच्या ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटाच्या बाबतीत असेच झाले आणि लोक पुन्हा चित्रपटगृहाकडे वळले.

गाण्यांच्या कॅसेटच्या बाजारात याच सुमारास एक वेगळा धडा मिळाला. दिल्लीच्या दर्यागंजमधील फळांच्या रसाच्या दुकानातून पुढे आलेल्या गुलशन कुमार यांनी भक्तिगीतांच्या कॅसेटी प्रस्थापित कंपन्यांच्या दरापेक्षा पुष्कळ स्वस्त विकल्या आणि त्या पानाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत सर्वत्र ठेवल्या. त्यांच्या मार्गांविषयी वाद होते. जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन घेण्याची जी सवलत कायद्यात होती तिचा त्यांनी पुरेपूर लाभ घेतला. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली: भाविक कॅसेट घेत नव्हता तो अनास्थेमुळे नव्हे, तर किमतीमुळे. किंमत खाली येताच तीर्थस्थळांच्या वाटा भजनांनी भरून गेल्या.

तबकडी आणि तिचा भाव

व्हिडिओ सीडीचे तंत्र १९९३ साली जपानी व युरोपीय कंपन्यांनी ठरविले. बारा सेंटिमीटर व्यासाच्या एका चकतीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण बसे. म्हणून तीन तासांच्या हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन चकत्या लागत. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी आली. तिच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट माहिती मावत असल्याने संपूर्ण चित्रपट एकाच चकतीत सामावला. आपल्याकडे स्वस्त चिनी यंत्रे बाजारात येताच ही साधने मध्यमवर्गीयांच्याच नव्हे, तर कष्टकऱ्यांच्याही घरी दिसू लागली.

यंत्र स्वस्त झाले, तबकडी मात्र स्वस्त झाली नाही. अधिकृत व्हीसीडी शंभर-दीडशे रुपयांच्या घरात आणि अधिकृत डीव्हीडी त्याच्या कित्येक पट, असा साधारण भाव होता. दीडशे रुपये ही रक्कम त्या काळी आमच्या भागातील शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक होती. आणि शेजारच्याच हातगाडीवर तोच चित्रपट, कधी कधी एकाच चकतीवर तीन चित्रपट, तीस-चाळीस रुपयांत मिळत असे.

गिऱ्हाईक चिडले तर नवल ते काय! परंतु चिडण्यापूर्वी त्या किमतीत काय काय होते, हे पाहिले पाहिजे. चकती छापण्याचा खर्च अवघा काही रुपयांचा. त्यावर डबी, छपाई आणि वाहतूक, वितरकाचा व किरकोळ दुकानदाराचा वाटा, सरकारी कर, न खपता परत येणाऱ्या मालाचा बोजा, आणि या सर्वांहून मोठी रक्कम म्हणजे निर्मात्याला द्यावयाचे हक्काचे मोल. हे मोल देणे योग्यच आहे, कारण चित्रपट हा शेकडो लोकांच्या श्रमाचा परिपाक असतो. प्रश्न होता तो त्या मोलाचा बोजा किती गिऱ्हाइकांत वाटावयाचा हा. थोडीच गिऱ्हाइके येणार असे गृहीत धरून भाव चढा ठेवला आणि भाव चढा म्हणून गिऱ्हाइके थोडीच आली. हे चक्र फोडण्याची कोणाला घाई नव्हती.

कायद्याकडे दाद मागावी तर तेथेही अडचण होती. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला मोठे बळ दिले, यात शंका नाही. महाराष्ट्रात तर ग्राहक पंचायतीची चळवळ त्याच्याही आधी, १९७० च्या दशकातच उभी राहिली होती. परंतु किमतीविषयी त्या कायद्याने दिलेली तक्रार मर्यादित होती. कायद्याने ठरविलेल्या किंवा वेष्टनावर छापलेल्या किमतीहून अधिक पैसे घेतले, तर दाद मागता येई. छापलेली किंमतच अवाजवी आहे, ही तक्रार तीत बसत नसे. आपण ज्याला ‘एमआरपी’ म्हणतो ती कमाल किरकोळ किंमत सरकार ठरवते, असा अनेकांचा समज आहे. औषधांसारख्या काही मोजक्या वस्तू सोडल्या तर तो खरा नाही. ती किंमत मालकाने ठरवावयाची आणि वेष्टनावर छापावयाची. कायदा केवळ तीहून अधिक घेऊ देत नाही.

शिवाय चित्रपटाची गोष्ट साबणासारखी नाही. एक साबण महाग वाटला तर दुसरा घेता येतो. ज्या भाविकाला साईबाबांवरील अमुकच चित्रपट हवा, किंवा ज्या आजीला ‘दयासागर’च पुन्हा पाहावयाचा आहे, तिला दुसरा कोणता चित्रपट देऊन भागणार? हक्क ज्याच्या हाती, त्याचाच एकट्याचा तो बाजार. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हा हक्क प्रदर्शनानंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षे टिकतो. त्या हिशेबाने १९५५ च्या चित्रपटावरील हक्क २०१५ च्या अखेरीस संपला, तर १९७७ च्या चित्रपटांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहील.

परदेशी तबकड्यांचे आणखी एक दुखणे होते. डीव्हीडी बनविणाऱ्यांनी जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला क्रमांक दिला होता. अमेरिका पहिल्या विभागात, आखाती देश दुसऱ्यात आणि भारत पाचव्यात. अमेरिकेतल्या नातलगाने नाताळची भेट म्हणून प्रेमाने पाठविलेली चित्रपटाची तबकडी इथल्या यंत्राने नाकारावी, असा अनुभव काही घरांना आला. वस्तूत दोष नव्हता आणि यंत्रातही नव्हता. निरनिराळ्या देशांत निरनिराळा भाव आणि निरनिराळ्या तारखा ठेवता याव्यात, म्हणून घातलेले ते कुलूप होते.

अठ्ठावीस रुपयांची गोष्ट

हे चक्र फोडले ते चित्रपट व्यवसायाबाहेरून आलेल्या एका कारखानदाराने. दीपक पुरी यांनी १९८३ साली दिल्लीत स्थापन केलेली ‘मोझर बेअर’ ही कंपनी संगणकाच्या फ्लॉपी आणि पुढे कोऱ्या तबकड्या बनवीत असे. त्या क्षेत्रात जगातील मोठ्या उत्पादकांत तिची गणना होऊ लागली होती. २००७ साली तिने चित्रपटांच्या तबकड्या बाजारात आणल्या त्या २८ रुपयांस व्हीसीडी आणि ३४ रुपयांस डीव्हीडी या दराने. हातगाडीवरील चोरट्या मालाचा आणि अधिकृत मालाचा भाव प्रथमच एका पातळीवर आला.

हे कसे साधले? तबकडी तिच्याच कारखान्यात निघत असल्याने उत्पादनखर्च कमी होता. हजारो जुन्या चित्रपटांचे हक्क एकगठ्ठा घेतल्याने एकेका चित्रपटावर पडणारा बोजा हलका झाला. वेष्टन साधे ठेवले. आणि माल केवळ संगीताच्या दुकानांत न ठेवता किराणा दुकान, पुस्तकांची टपरी अशा ठिकाणी पोहोचविला. थोडक्यात, गुलशन कुमार यांनी कॅसेटच्या बाबतीत जे केले होते तेच हक्कांची रीतसर खरेदी करून तबकडीच्या बाबतीत झाले. इतर कंपन्यांनाही आपले दर उतरवावे लागले.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे, की अठ्ठावीस रुपयांत मिळणारे चित्रपट बहुतांशी जुने होते. त्यांचा निर्मितीखर्च चित्रपटगृहांतून कधीच वसूल झालेला होता. प्रत्येक नवा चित्रपट त्या भावाने देणे कोणालाच परवडले नसते. तरीही इतके निर्विवाद ठरले, की वर्षानुवर्षे ‘याहून कमी शक्य नाही’ असे जे भासविले जात होते ते खरे नव्हते. गिऱ्हाइकाची तक्रार रास्त होती.

तक्रार रास्त, पण उपाय?

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी खरेदी-विक्रीच्या नीतीचा विचार करताना एक सूक्ष्म भेद दाखविला आहे. वस्तू देऊन टाकताना विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल, तर त्याने त्या नुकसानीपुरती किंमत वाढविणे न्याय्य आहे. परंतु विकणाऱ्याचे काही विशेष जात नसताना केवळ घेणाऱ्याला ती वस्तू फार हवी आहे म्हणून किंमत चढविणे न्याय्य नाही. कारण ती निकड विकणाऱ्याची निर्मिती नसते. शिर्डीच्या वाटेवरील तबकडीला हा निकष लावून पाहावा. भाविकाच्या मनातील ओढ तबकडी विकणाऱ्याने निर्माण केलेली नव्हती. त्या ओढीवर भाव चढविण्याचा अधिकार त्याला कोठून आला?

मात्र हाच निकष आपल्याकडेही वळतो. किंमत अन्याय्य आहे, म्हणून चोरीचा माल घेणे न्याय्य ठरत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवेचनात दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढविणे आणि दुसऱ्याचे त्याच्या रास्त इच्छेविरुद्ध बळकावणे या दोन्ही गोष्टी एकाच आज्ञेखाली येतात. तराजूच्या एकाच पारड्यात वजन टाकण्याची मुभा कोणालाच नाही.

आणि चोरट्या तबकडीने खरा घाव घातला तो कोणावर? मोठ्या कंपन्यांनी तोटा सोसला व त्या टिकल्या. छोट्या मराठी निर्मात्याचे तसे नव्हते. २००४ च्या ‘श्वास’नंतर मराठी चित्रपटाला पुन्हा बरे दिवस येऊ लागले होते, चित्रपटगृहे पुरेशी मिळत नसताना तबकडीची विक्री हा त्याचा एक आधार होता. त्या आधारालाच हातगाडीवरील मालाने पोखरले. ज्या घरात मराठीचा अभिमान सांगितला जाई, त्याच घरात मराठी चित्रपटाची चोरटी प्रत असे. वाद्यवृंदात बसून वाजविणारे, वेशभूषा सांभाळणारे, पडद्यामागे राबणारे हात कोणाला आठवत नसत. त्यांत आपल्या समाजाचेही पुष्कळ असत. गोव्याच्या आणि वसईच्या किती ख्रिस्ती वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला आपले आयुष्य वाहिले, हे वाचकांस सांगावयास नको. ‘अमर अकबर अँथनी’तील नायकाला मिळालेले अँथनी गोन्साल्विस हे नाव मूळचे गोव्यातील माजोर्ड्याच्या एका व्हायोलिनवादकाचे, संगीतकार प्यारेलाल यांच्या गुरूंचे होते.

सरकारने आपल्या परीने कठोर उपाय योजला. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ साली महाराष्ट्रात जो कायदा झाला होता, त्यात २००९ साली दृक्श्राव्य चोरी करणाऱ्यांचीही भर पडली. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद त्यांना लागू झाली. परंतु चोरट्या मालाला बाजारात तुल्यबळ प्रतिस्पर्धी उभा केला तो या कायद्याच्या दोन वर्षे आधी आलेल्या अठ्ठावीस रुपयांच्या भावाने, हे इतिहास सांगतो. शिक्षेचा धाक आवश्यक असतो. पण प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहणे परवडेल अशी व्यवस्था नसेल, तर तो धाक एकटा पुरत नाही.

आज काय उरले?

स्वस्त तबकडीचे हे पर्व फार काळ टिकले नाही. इंटरनेटचा प्रसार झाला, तबकड्यांची मागणी ओसरली, सौरऊर्जेच्या उद्योगातही ‘मोझर बेअर’ अडचणीत आली आणि २०१८ साली ती कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला. २०१६ साली मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाल्यावर तर तबकडी लावणारे यंत्रही अडगळीत गेले.

आता चित्रपट हातातल्या फोनवर येतो, तोही मासिक वर्गणीत किंवा जाहिरातींच्या मोबदल्यात फुकट. वरवर पाहता किमतीचा प्रश्न सुटला, असे वाटते. वास्तविक तो केवळ दृष्टिआड झाला आहे. तबकडीवर किंमत छापलेली असे आणि ती महाग आहे, हे तरी कळे. एकदा पैसे मोजले की ती आपली होई. शेजाऱ्याला देता येई, भाचीच्या लग्नानंतर तिच्याबरोबर पाठविता येई. आज वर्गणी थांबली की चित्रपट थांबतो. कंपनीचा हक्काचा करार संपला की वर्गणी भरूनही तो यादीतून नाहीसा होतो. आपण मालक नाही, भाडेकरू आहोत. आणि पूर्वीच्या वर्गणीप्रमाणे हे भाडे दहा घरांत वाटून घेण्याची सोय मात्र कंपन्या हळूहळू बंद करीत आहेत.

म्हणून आमच्या कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच, की कोणत्याही करमणुकीसाठी पैसे देताना तीन गोष्टी विचाराव्यात. आपण नेमके कशाचे पैसे देत आहोत? ती वस्तू आपल्याकडे किती काळ राहणार? आणि त्या पैशातले काही ती निर्माण करणाऱ्यापर्यंत पोहोचणार का? शिर्डीच्या वाटेवर तबकडी हातात घेऊन उभ्या असलेल्या यात्रेकरूला यांपैकी पहिल्या प्रश्नाचेही उत्तर कोणी दिले नव्हते. आपल्या मुलांनी फोनवरचे बटण दाबण्यापूर्वी तिन्ही प्रश्न विचारावेत, एवढी सवय त्यांना घरातूनच लागली पाहिजे. घरातल्या जुन्या तबकड्या कोणी भंगारात काढणार असेल, तर त्यांतील अधिकृत प्रती धर्मग्रामाच्या वाचनालयाकडे द्याव्यात, अशीही विनंती आहे. यंत्र चालू आहे तोवर त्या कोणाचीही वर्गणी न भरता पाहता येतील.